डोंगरावर किलोमीटर मोजू नकोस

सातारा,
रविवार

प्रिय बंड्या,

पत्र पोचलं. सिंहगड-राजगडच्या पट्ट्यातली डिसेंबरातली २५ किलोमीटरची शर्यत भरलीस हे झकास केलंस. पण ‘हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) दोन तास लागतात, म्हणजे ही तीनच्या आत आटपेल आणि दुपारी दादरला जेवायला’ असं जे पुढं लिहिलंयस, ते खोडून टाक. त्या दिवशीचं तुझं जेवण पाठीवरच्या पिशवीत असणार आहे.

हिशोब असा मांड. डोंगरी शर्यतींच्या जगात १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक किलोमीटर, असा साधा ठोकताळा आहे. आयोजकांच्या नकाशावर एकूण चढ किती दिलाय ते बघ. मी नुसत्या हिशोबाला १४०० मीटर धरतो. २५ अधिक १४, म्हणजे ३९. सहा मिनिटांना एक, अशा तुझ्या निवांत गतीनंही चार तासांच्या जवळ गेलास, आणि हे वाट गुळगुळीत असेल तर! चालणाऱ्यांसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम आहे: पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यानं ७ तास २० मिनिटं येतात. तू या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंतरी पडशील, पाच ते सहा तासांत. हीच वेळ डोक्यात ठेवून पाणी, खाणं आणि सराव ठरव. घड्याळावरचा किलोमीटरचा वेग झाकून टाकलास तरी चालेल. खिंडीकडं चढताना तो १५-१६ मिनिटं दाखवतो आणि उगाच माणूस घायकुतीला येतो.

आता मुख्य मुद्दा. रस्त्यावरून डोंगरात येणारे सगळे चढाला घाबरतात. पाय मात्र निकामी होतात ते उतारावर. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, दम लागतो, तू वेग कमी करतोस, प्रश्न मिटला. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, दर पावलाला. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होत जाते, आणि तेव्हा दम लागलेला नसल्यामुळं काही बिघडतंय हे कळतही नाही. कळतं ते नंतर, सपाटी आल्यावर गुडघे लटपटायला लागतात तेव्हा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर जिना उलटं तोंड करून उतरायची पाळी.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. उताराचा एक चांगला सराव झाला की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्याच उताराला बराच कमी दुखतो. म्हणून सराव फक्त चढायचा नको. तुमच्या मुंबईत जिन्याचा सराव करणारे बहुतेकजण वीस मजले चढतात आणि लिफ्टनं खाली येतात. निम्मा फायदा लिफ्टमध्ये! तू दोन्ही जिन्यानंच कर. मजल्याला तीन मीटर धरले तर वीस मजल्यांना ६० मीटर, दहा फेऱ्यांना ६०० मीटर चढ आणि तेवढाच उतार. पहिल्या आठवड्यात तीनच फेऱ्या, मग दर आठवड्याला एक-दोन वाढव. महिन्यातून दोनदा कर्जत लोकलनं नेरळला उतर आणि पायवाटेनं माथेरान गाठ. माथेरान ८०० मीटरच्या आसपास, स्टेशन जवळजवळ समुद्रसपाटीला, त्यामुळं एका खेपेत साडेसातशे मीटर मिळतात. खाली येताना टॅक्सीत बसायचं नाही. शर्यतीआधीचा शेवटचा जोरकस उतार दहा ते चौदा दिवस आधी, त्यानंतर नाही.

उतरायची पद्धतही बघून घे. रस्त्यावरचा माणूस घाबरला की मागं रेलतो, टाच पुढं टाकून ब्रेक लावतो. मुरमाड घसाऱ्यावर हाच माणूस पार्श्वभागावर बसतो. पावलं अर्धी कर, पण दुप्पट पटापट टाक. पाऊल कमरेच्या खाली पडलं पाहिजे, पुढं नको. गुडघा किंचित वाकलेला, हात अंगापासून सुटे, तोल सांभाळायला. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढं. सुट्या खड्यांवर थांबायचा प्रयत्न केला तरच घसरतं, हलकं पाऊल ठेवून लगेच उचललं तर खडा सरकायच्या आत तू पुढं गेलेला असतोस. कातळ मात्र वेगळा. दव पडलेला किंवा शेवाळलेला काळा कातळ असेल तर सरळ चालायचं, लाज नाही. गरज पडली तर बसून उतरायचं.

चढाबद्दल थोडक्यात. उभा चढ लागला की चाल. पळणाऱ्या माणसापेक्षा दोन्ही हात गुडघ्याच्या वर मांडीवर दाबून, आखूड पावलांनी चालणारा माणूस तिथं फारसा मागं राहत नाही, आणि त्याचा दम शाबूत राहतो. एक पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर पहिल्या दोन तासांत लाव.

बूट. तुझे रस्त्याचे बूट फेसाळ तळव्याचे आहेत. ते वाळक्या गवतावर घसरतात आणि टोकदार दगड पायाला टोचतो. चार-पाच मिलिमीटर खोल दात असलेले ट्रेलचे, म्हणजे डोंगरवाटेचे, बूट घे. त्याहून खोल दात पावसाळी चिखलाला बरे, कातळावर ते डगमगतात. माप संध्याकाळी घे, पाय तेव्हा सुजलेला असतो. मोज्यासकट अंगठ्यापुढं अंगठ्याच्याच रुंदीएवढी जागा हवी. उतारावर पाय पुढं सरकून नखं काळीनिळी होतात ती जागा कमी पडल्यामुळं, किंवा नाडी ढिली असल्यामुळं. बुटाच्या वरच्या टोकाला जे एक जादा भोक असतं आणि ज्यात कुणीच नाडी ओवत नाही, ते याच कामासाठी आहे. दोन्ही बाजूंना नाडीचा छोटा फास तयार कर, समोरची नाडी त्यातून ओवून घट्ट ओढ, मग गाठ मार. टाच जागेवर बसते. मोजे सुती अजिबात नकोत, ओले झाले की फोड आलाच. नवे बूट निदान ६०-७० किलोमीटर वापरून मगच शर्यतीला आण.

खाण्याबद्दल तू विचारलंयस. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, हा आकडा धर, आणि पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात कर. भूक लागल्यावर खायला घेतलं की उशीर झालेला असतो. साधे मध्यम खजूर सात-आठ म्हणजे साधारण ४५ ग्रॅम. उकडलेला बटाटा मीठ लावून, १०० ग्रॅमला १८-२० ग्रॅम. पळताना चोखायच्या तयार गोड जेलच्या एका पुडीत २०-२५ ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की सगळे नेतात, पण तिच्यात तेल बरंच, पोटात ती रेंगाळते. राजगिऱ्याची वडी त्यापेक्षा बरी, फक्त कोरड्या तोंडात ती भुसा होते, म्हणून पाण्यासोबत. तीन तासांनंतर गोडाचा वीट येतो. तेव्हासाठी बटाटा राखून ठेव.

पाण्यात एक गैरसमज आहे. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात टाकली की ताकद मिळते असं लोक समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते पाणी आणि क्षार शरीरात शोषले जावेत म्हणून आहे, इंधन म्हणून नाही. इंधन वेगळं खावं लागतं. घरी करायचं तर एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, एक लिंबू. उलटा धोकाही लक्षात ठेव. भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, मळमळतं, डोकं दुखतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. तुझा घाम किती जातो ते मोजून घे: पळायच्या आधी आणि तासभर पळून आल्यावर अंग पुसून, उघड्या अंगानं वजन कर. एक किलो कमी झालं तर एक लिटर घाम. मधे पाणी प्यायला असशील तर ते त्यात मिळव. मुंबईच्या दमटपणात आकडा मोठा येईल, डोंगरावर पहाटे कमी. आणि शर्यतीच्या दिवशी दुखण्यावर ब्रुफेनच्या जातीच्या गोळ्या घेऊ नकोस. पाणी कमी झालेल्या अंगात त्या मूत्रपिंडाला जड जातात.

पिशवी दोन लिटर पाण्याची, अंगाला घट्ट बसणारी. त्यात शिट्टी, चमकणारं आपत्कालीन पांघरूण, चिकटपट्टी, टोपी, शंभर-दोनशेच्या सुट्या नोटा, आणि मार्गाची फाइल उतरवून घेतलेला मोबाइल, कारण दरीत रेंज जाते. पहाटे सुरुवात असेल तर डोक्याला बांधायचा दिवा. धुक्यात तो डोक्यावर ठेवला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. हातात धरून कमरेच्या उंचीवरून प्रकाश टाक, वाटेचे खाचखळगे उठून दिसतात. काखा, जांघा आणि पिशवीचे पट्टे घासतात तिथं व्हॅसलिन. पायाला कुठं गरम लागायला लागलं तर तिथंच थांबून पट्टी लाव. दोन मिनिटं जातील. फोड फुटल्यावर अर्धा तास जातो.

वाट चुकणं हा रस्त्यावर नसलेला प्रकार. मार्गावर फिती बांधलेल्या असतात, पण वारा त्या सोडवतो, गुरं तोंड लावतात. सोंडेवर आणि पठारावर ढोरवाटा इतक्या असतात की मळलेली वाट दिसली म्हणजे ती आपलीच, असं नाही. दोनशे-तीनशे मीटर गेल्यावरही फीत दिसली नाही तर पुढच्याच्या पाठीकडं बघत जाऊ नकोस. तोही चुकलेला असू शकतो. शेवटची फीत जिथं दिसली तिथं परत ये. उतार उतरून गेल्यावर हे फार जिवावर येतं, पण खाली जंगलात कारवीत शिरलास तर तास गेला. साडेनऊ-दहानंतर उघड्या धारेवर सावली नाही. डिसेंबर असला तरी डोकं तापतं.

एक सांगायचं राहिलं, वास येणारं अत्तर-डिओ लावू नकोस. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. समोरून डोईवर मोळी घेतलेली बाई आली तर आपण बाजूला व्हायचं, वाट तिची आहे, आपण एका सकाळचे पाहुणे. जेलची फाटलेली टोकंसुद्धा खिशात. हे मी तुला सांगायला नको, पण गडावर चकाकणाऱ्या त्या चिंध्या बघितल्या की तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या वर्षी आमची सातारा हिल हाफ आधी कर, मग डोंगर. ती डांबरी रस्त्यावरच आहे, पण पहिला अर्धा भाग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं आणि दुसरा त्याच रस्त्यानं खाली. पावसाळी हवा, धुकं, ढोल. परतीच्या उतारावर वेळ भरून काढायला सगळे उधळतात आणि गावात शिरताना पोटऱ्यांना गोळे येतात. उताराचे पहिले दोन किलोमीटर स्वतःला आवरून उतर, मग पाय सोड.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन आहेच तुझी. मधे पाच-सहा आठवडे मिळतात. डोंगरानंतर आठ-दहा दिवस फक्त चालणं आणि हलकं पळणं, मग २८-३० किलोमीटरच्या दोन लांब धावा सपाट रस्त्यावर, त्यानंतर दोन आठवडे कमी करत जा. डोंगरावरून आलेल्या माणसाला पेडर रोडचा चढ किरकोळ वाटतो, तिथं फसायला होतं. खरी अडचण वेगळी: ट्रेलवर पाऊल दर वेळी वेगळं पडतं, रस्त्यावर चार-साडेचार तास तेच पाऊल, तोच सांधा. ती सवय डोंगर देत नाही. म्हणून लांब धावा डांबरावरच.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
आप्पा

ता. क. पायाची नखं शर्यतीच्या आदल्या रात्री कापू नकोस. तीन-चार दिवस आधी, सरळ रेषेत काप आणि कड कानशीनं घासून घे.