रोपं नकोत, पाण्याची वाट मोकळी करा: वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या अमावास्येच्या उधाणाला मी मुंबईतल्या चारकोपच्या मागच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदलीत, बांधावर उभी होते. खाडीच्या अंगाला पाणी कमरेएवढं चढलेलं, आतल्या अंगाला थेंब नाही. चिखलाला भेगा, भेगांच्या कडांवर मिठाची पांढरी खपली आणि सुकून करडे पडलेले तिवर, म्हणजे कांदळवनाची झाडं. बांध घालताना खालून दोन पाइप टाकले होते. एक राडारोड्याने पुरता बुजलाय. दुसरा इतका उंच बसवलाय की उधाणाची भरतीही त्याच्या तोंडाशी पोचत नाही.

आमच्या शेजारच्या कोळी मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा याच खाजणातून टोपलीभर चिंबोऱ्या आणायच्या. आता चिखलातला साधा निवटा मासाही दिसत नाही.

या झाडांवर कुणी कुऱ्हाड चालवली नाही, म्हणून कागदोपत्री ती शाबूत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवन तोडायला बंदी घातली, भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. पण भरती अडवली तरी झाड मरतंच. चिखलात साठणारं मीठ धुऊन न्यायला भरती-ओहोटी लागते. पावसाळ्यात उलटं होतं: आत कोंडलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, तिवराची चिखलाबाहेर डोकावणारी श्वासमुळं दिवसेंदिवस बुडून राहतात आणि मागच्या चाळींत पाणी शिरतं.

गेल्या वर्षी इथे रोपं लावली, फोटो निघाले. आज नुसत्या काड्या उभ्या आहेत. मंत्रीमहोदय, मेलेल्या चिखलात रोपं लावू नका, अशी हात जोडून विनंती आहे. तो पैसा बांध फोडायला वापरा. आधी आतल्या-बाहेरच्या जमिनीची पातळी मोजून घ्या, मग खाडीच्या तळाशी समतल अशी रुंद, उघडी मोरी बांधा आणि आतल्या ओहळातला राडारोडा काढा. तिवराचं बी पावसाळ्यात गळतं आणि भरतीवर तरंगत येऊन आपसूक रुजतं. त्यामुळे हे काम मे संपायच्या आत व्हायला हवं.

कांदळवन कक्षाचा एखादा अधिकारी येत्या पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर पाठवा. मावशी आणि मी तिथे असू. पाणी पूर्वी कुठून आत यायचं, ते त्या बोट ठेवून दाखवतील.

आपली नम्र,
चारकोपची एक रहिवासी