डाव्या हाताचं काय झालं?

प्रति,
निर्मिती प्रमुख,
संबंधित चित्रपट कंपनी

विषय : सुपरहिरो चित्रपटाचा दुसरा भाग आणि त्याच्या ट्रेलरबद्दल तक्रार

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या चित्रपटाचा दुसरा भाग मी पहिल्याच दिवशी पाहिला. रागाच्या भरात लिहू नये म्हणून पाच दिवस थांबले. राग गेलेला नाही, पण नेमकं काय खटकलं ते आता सांगता येईल.

पहिल्या भागाच्या शेवटी आपला नायक कोसळता पूल खांद्यावर पेलून धरतो. माणसं वाचतात, त्याचा डावा हात मात्र कायमचा निकामी होतो. त्यानंतर एक छोटा प्रसंग येतो. तो पायरीवर बसून एका हाताने बुटाची नाडी बांधायला बघतो, जमत नाही, आणि बहीण एक शब्दही न बोलता खाली बसून ती बांधून देते. पार्श्वसंगीत नाही, संवाद नाहीत. माझ्या वडिलांचा उजवा हात पक्षाघाताने गेला, तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं मी लावून देत असे. ते मान दुसरीकडे वळवायचे. आपल्या नायकानेही तशीच मान वळवली होती. सुपरहिरोच्या सिनेमात मला हे बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या एका प्रसंगासाठी मी तो चित्रपट चार वेळा पाहिला.

दुसऱ्या भागात हात बरा झालेला आहे. कसा, ते एक दुय्यम पात्र चालता चालता एका वाक्यात सांगून टाकतं : नवं तंत्रज्ञान आलं. लगेच पुढच्या दृश्यात नायक त्याच हाताने ट्रक उचलतो. बहिणीला अख्ख्या चित्रपटात तीन प्रसंग आहेत आणि त्यातल्या दोनांत ती फक्त फोनवर बोलते. हात बरा करायला माझी हरकत नाही. पण मग तो बरा होण्याचीच गोष्ट सांगायची होती. त्याने काय सोसलं, कशाची भीती वाटली, बहिणीला काय वाटलं, यातलं काहीच नाही.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा खोल जाऊ शकतो, हे आम्ही पाहिलेलं आहे. 2004च्या 'स्पायडर-मॅन 2'ला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं, पण मला आठवतात ते ट्रेन थांबवून बेशुद्ध पडलेल्या त्या पोरसवदा नायकाला अलगद आत घेणारे प्रवाशांचे हात. 2008च्या 'द डार्क नाइट' या बॅटमॅनच्या चित्रपटात नायक ब्रूसचं जिच्यावर प्रेम असतं ती रेचेल मरते, आणि 2012च्या पुढच्या भागातही ती परत येत नाही. ब्रूस ते दुःख घेऊनच जगतो. म्हणून तो खरा वाटतो.

खलनायकाबद्दलही बोलायला हवं, कारण तिथे आपल्या लेखकांच्या हाती मोठी गोष्ट होती. पहिल्या भागातल्या लढाईत ज्याचं घर पडलं, तो माणूस जाब विचारायला येतो. मध्यंतरापर्यंत मला त्याचंच म्हणणं पटत होतं. मग अचानक तो शहर उडवायला निघतो आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारीच संपते.

माझी सगळ्यात गंभीर तक्रार ट्रेलरची आहे. त्यात नायक त्या माणसाच्या पडक्या घरासमोर मास्क हातात घेऊन, मान खाली घालून उभा दिसतो. ते दृश्य बघूनच मी तिकीट काढलं. चित्रपटात ते नाही. संकलनात दृश्यं गळतात हे मला कळतं, पण ज्या दृश्याच्या जोरावर चित्रपट विकला तेच गाळणं ही प्रेक्षकांची फसवणूक आहे.

क्लायमॅक्स रात्री, पावसात आणि धुळीत घडतो. कोण कुणाला मारतंय ते समजत नाही, काही ठिकाणी तर नायकाचा चेहराच मेणाचा वाटतो. याचा दोष मी व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवणाऱ्या, कलाकारांना देणार नाही. प्रदर्शनाची तारीख आधी ठरवून काम नंतर उरकायला लावलं की असंच होतं. 1987च्या चौथ्या 'सुपरमॅन'च्या वेळी खर्चाला मोठी कात्री लागली आणि उडण्याचं तेच ते दृश्य पुन्हा पुन्हा वापरावं लागलं. प्रेक्षकांच्या ते तेव्हाही लक्षात आलं होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत. ट्रेलरमधलं ते दृश्य ज्या प्रसंगातलं आहे, तो पूर्ण प्रसंग प्रेक्षकांसाठी खुला करा. दिग्दर्शकाची वेगळी आवृत्ती तयार असेल तर तीही दाखवा. 'सुपरमॅन 2'चं बरंचसं चित्रीकरण रिचर्ड डोनर यांनी केलं होतं, मग त्यांना बाजूला केलं गेलं. 1980 साली तो चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाच्या नावाने आला, तरी 2006 मध्ये डोनर यांची आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचलीच. आणि यापुढे चित्रपटात नसलेलं दृश्य जाहिरातीत वापरू नका.

श्रेयनामावलीनंतर आपण तिसऱ्या भागाची घोषणा केली आहे. त्यात बहिणीला परत आणा आणि हात कसा बरा झाला ते तिच्या तोंडून आम्हाला कळू द्या. या पत्राला लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
दोन्ही भाग पाहिलेली एक प्रेक्षक