आषाढातली ऊसतोड

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तो लेख वाचला. काल दिवसभर राग गिळून बसलो, आज चहा झाल्यावर वही ओढली. पुस्तक वाचलं, सिनेमा बघितला की आता जो उठतो तो मत देतो, त्याला ना अभ्यास ना अधिकार, असं लेखक महोदयांचं म्हणणं. हा अधिकार कुठल्या कचेरीत मिळतो तेही लिहायचं होतं. सातबाऱ्यावर नाव लावून घ्यावं लागतं का?

मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होतो. साहित्याचा अभ्यास म्हणाल तर वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक, एवढाच. तर मागे ऊसतोड कामगारांवरचा एक सिनेमा आला होता. आपल्याच परीक्षणात त्याला साडेतीन तारे आणि ‘अस्सल मातीचा गंध’ मिळाला होता, म्हणून सौ.ला घेऊन मुद्दाम गेलो. पडद्यावर धो धो पाऊस, मागं पंढरीच्या वाटेला लागलेली दिंडी, आणि पुढं फडात टोळीचे कोयते सपासप चाललेत!

आषाढात ऊसतोड? अहो, हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं. आषाढात टोळ्या आपापल्या गावी पेरणीत असतात, कारखान्यात मिल खोलून ठेवलेली असते आणि शेतकरी आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाच्या, लागणीच्या मागे असतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात त्या दिवसांत उसाची भरली गाडी घालून बघा, बाहेर काढायला दिवाळीच उजाडेल.

पुढं ती गाडी काट्यावर येते. क्लार्क एकदाच वजन करतो आणि नायकाच्या बापाच्या हातावर तिथंच नोटा मोजून ठेवतो. मी खुर्चीत ताठ झालो. आधी भरल्या गाडीचं वजन, मग गव्हाणीत, म्हणजे मिलच्या तोंडाशी, ऊस टाकून आल्यावर रिकाम्या गाडीचं. दोन्हीतला फरक तो ऊस. या सिनेमात बैलगाडीसुद्धा उसाच्या भावानं गेली. आणि पैसे म्हणाल तर १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांची मुदत आहे. ती किती पाळली जाते ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, फक्त जेवायच्या वेळेला विचारू नका. काट्यावर रोख मिळत असते तर दर हंगामाला उसाची आंदोलनं कशाला झाली असती? सौ. कानाशी म्हणाली, “अहो, पिक्चर बघायला आलाय का वजन करायला?”

हे सगळं दोन पानं नीट लिहून मी आपल्याकडे धाडलं. पंधरा दिवसांनी छापून आलं: ‘प्रकाशचित्रण सुंदर आहे. – एक प्रेक्षक, सांगली.’ वर मथळा, ‘प्रेक्षकांची पसंती’! ते वाक्य मी निव्वळ शिष्टाचार म्हणून शेवटी घातलं होतं. दोन पानांची अशी एक ओळ मी काट्यावर केली असती, तर लोकांनी मलाच गव्हाणीत घातलं असतं. आणि आता आपलंच वर्तमानपत्र म्हणतंय की सामान्य माणूस विचार करून लिहीत नाही. लिहितो हो. आपण छापत नाही.

लेखक महोदयांचं एक खरं आहे. आमच्या शेजारचे गृहस्थ ट्रेलर बघून सिनेमा पडणार का चालणार ते ठरवतात, पुस्तकाचं तर मलपृष्ठावरच भागवतात. कॅमेरा कसा लावला, प्रकाश कुठून घेतला, हे मलाही कळत नाही आणि त्यावर मी तोंड उघडत नाही. पण मग उसातलं कळत नसताना ‘अस्सल माती’ आपल्या परीक्षणकारांनी कुठल्या अधिकारात लिहिलं? परत तो अर्धा तारा. कशाचा कापला, याचा परीक्षणात पत्ता नाही. आम्ही पाव टन कमी धरलं तरी माणूस पावती नाचवत ऑफिसात यायचा.

आणि सामान्य माणसाला मताचा अधिकार नाही, हे छापायचं कुठं, तर सांगलीत! १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं म्हणून आपण दर ५ नोव्हेंबरला नाट्यपंढरी नाट्यपंढरी करतो. संगीत नाटकांना ‘वन्स मोअर’ कोण देत होतं, समीक्षक? तिकीट काढून बसलेला पिटातला माणूसच ना?

हे पत्र जागेअभावी कापायचं असेल तर भाव्यांचं कापा, शेजाऱ्यांचं कापा. आषाढ तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त काटा क्लार्क
विश्रामबाग, सांगली

ता. क. – पुस्तक परीक्षणाच्या खाली पूर्वी पृष्ठसंख्या आणि किंमत असायची, ती आपण का बंद केली? लेखकाचा फोटो मात्र आता दुप्पट झाला आहे. मी पुस्तक घ्यायला दुकानात जातो तेव्हा फोटो विचारत नाही.