हौशी विमानांसाठी शहराबाहेर मैदान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरचा होटगी रस्त्यावरचा विमानतळ बरीच वर्षं नुसता नावाला होता. तेव्हा शहरात कुणी रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवलं तरी आकाशात दुसरं काही नसायचं. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, २०२५ मध्ये प्रवासी विमानं पुन्हा ये-जा करू लागली. हौशी मंडळी मात्र अजून जुन्याच सवयीने गच्चीवर नाहीतर होम मैदानावर जमतात. सुट्टी लागली की ऑनलाइन मागवलेली तयार विमानं हातात येतात, पहिल्या अर्ध्या मिनिटात आपटतात आणि खोकं माळ्यावर जातं. विमान कुठे उडवायचं आणि सुरुवात कशाने करायची, या दोन्हींबद्दल नेमकी माहिती पालकांच्या हाती असावी म्हणून हे पत्र.

नियम आधी सांगतो, तो थोडक्यात आटोपतो. ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेल्या ड्रोन नियमांत ही छंदाची विमानंही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ती उडवता येत नाहीत. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंत मुभा आहे, त्यापलीकडे मोकळ्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत. विमान सतत नजरेच्या टप्प्यात हवं. २५० ग्रॅमहून जड विमानाला तृतीय पक्षाचा विमा लागतो. हौसेखातर उडवत असाल तर २ किलोपर्यंत पायलटचा दाखला लागत नाही. आता सोलापूरचा नकाशा समोर घ्या. होम मैदान, पार्क स्टेडियम, सिद्धेश्वर तलावाचा काठ, विजापूर रस्त्याची बरीचशी वस्ती, सगळं त्या ८ किलोमीटरमध्ये येतं. उत्तरेला एकरुख तलावाकडची शेतं साधारण ६० मीटरच्या पट्ट्यात पडतात. आणि नान्नजचा माळ कितीही सपाट आणि मोकळा दिसला तरी ते माळढोकचं अभयारण्य आहे, तिकडे विमान न्यायचंच नाही. निघण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा, अंदाजावर जाऊ नये.

हा नियम हाताने फेकायच्या ग्लायडरला लागू नाही, आणि आमच्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा थर्माकोलचा तक्ता, ३५ सेंटिमीटर लांबीची बांबूची काडी, थोडा फेव्हिकॉल आणि चिकणमाती एवढंच सामान. पंख ४० बाय ८ सेंटिमीटर, आडवी शेपटी १४ बाय ५, उभी शेपटी ५ बाय ५. पंखाची पुढची कड काडीच्या टोकापासून १० सेंटिमीटर मागे ठेवा. पंख मधोमध कापून दोन्ही टोकं तीन-तीन सेंटिमीटर उचललेली राहतील असे जोडा. या उचलीमुळेच विमान एका बाजूला कललं तर आपोआप सावरतं. झटपट चिकटणारा गोंद थर्माकोलला लावू नका, तो थर्माकोल खातो.

मग नाकाला चिकणमाती लावून तोल साधायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून अडीच-पावणेतीन सेंटिमीटर मागे, पंखाखाली दोन बोटं टेकवली की विमान आडवं राहिलं पाहिजे. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, हळू ढकलल्यासारखं सोडा. जोरात फेकलं की कुठलंही विमान आधी वर उसळतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. सोडल्यावर ते वर चढून, थबकून, नाकावर पडत असेल तर शेपूट जड आहे. नाकाला हरभऱ्याएवढी माती वाढवा. सरळ जमिनीकडे घुसत असेल तर तेवढीच काढा. सारखं एकाच बाजूला वळत असेल तर समोरून डोळा लावून पाहा, कुठलातरी पंख पिळलेला सापडेल. सात-आठ मीटर अलगद तरंगत गेलं की तोल जमला. हे ज्याला हाताने कळलं त्याला पुढची निम्मी पुस्तकं वाचावी लागत नाहीत.

रेडिओचं पहिलं विमान घेताना लोक चुकतात ते दिसण्याला भुलून. लढाऊ विमानासारखं, खाली पंख असलेलं, चार चॅनेलचं (रेडिओवरून चार गोष्टी वेगवेगळ्या हलवता येणारं) मॉडेल शोभिवंत असतं खरं, पण त्याला स्वतःहून सावरायची बुद्धी नसते. पहिलं विमान वर पंख असलेलं, तीन चॅनेलचं हवं: मोटर, इलेव्हेटर (आडव्या शेपटीची वर-खाली होणारी झडप) आणि रडर (उभ्या शेपटीची डावी-उजवीकडे वळणारी झडप). पंखाचा विस्तार १२० सेंटिमीटर, रुंदी २०; एक अर्धा पंख टेबलावर टेकवला तर दुसऱ्याचं टोक १२ सेंटिमीटर वर दिसावं. घरी बांधणार असाल तर स्टेशनरीच्या दुकानातला कागद चढवलेला फोमबोर्ड घ्या. पाट्या बनवणाऱ्यांकडचा पीव्हीसीचा सनबोर्ड दिसायला तसाच, पण कित्येक पट जड. नुसत्या पंखाचं वजन किलोच्या घरात जातं आणि विमान जमीन सोडत नाही.

या मापाच्या विमानाला २२१२ मापाची १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला सुमारे हजार फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, १० बाय ४.५ इंची प्रोपेलर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट), तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पुरतात. सगळं मिळून वजन ८०० ग्रॅमच्या आसपास ठेवा, ९०० च्या वर गेलं तर काहीतरी कापा. पैसे रेडिओवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर घाला. २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा साधा सेट पुढच्या पाच विमानांना चालतो, आणि तोच केबलने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर हात बसवता येतो. फोमचं विमान मोडणारच आहे, सिम्युलेटरवर जितक्या वेळा मोडाल तितकं खरं वाचेल.

मोटर बसवताना ती दोन-तीन अंश खाली आणि तितकीच उजवीकडे झुकवतात. खाली झुकवली नाही तर थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा वेग वाढवला, की विमान नाक वर करून उभं राहू पाहतं. उजवीकडे झुकवली नाही तर प्रोपेलरच्या फिरकीने डावीकडे ओढतं. मागून पाहताना वरच्या आणि डाव्या स्क्रूमागे वॉशर घातले की काम होतं. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन वायरांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. प्रोपेलरवरची अक्षरं पुढच्या बाजूला हवीत. उलटा बसला तरी तो फिरतो, आवाजही करतो, फक्त पुरेसा ओढत नाही, आणि नवखा माणूस तासभर मोटरला दोष देत बसतो.

इथे सोलापूरच्या उन्हाचा एक खास त्रास. मोटरची पाटी ग्लूगनने चिकटवू नका. बंद गाडीत किंवा डिकीत मे महिन्यात तो गोंद मऊ पडतो, पाटी कणभर सरकते आणि वर दिलेले अंश बदलतात. तिथे इपॉक्सीच लावा. काळ्या किंवा गडद निळ्या रंगाचा पंख उन्हात ठेवला तर वाकतो, म्हणून वरची बाजू पांढरी किंवा पिवळी ठेवावी.

तोलाचं सूत्र मोठ्या विमानालाही तेच, फक्त जरा पुढे: पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पंखात पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटर. तोल बॅटरी आत बसवूनच पाहायचा आणि ती पुढे-मागे सरकवून जुळवायचा. पाच सेंटिमीटरच्या थोडं पुढे गेला तर विमान सुस्त होतं, उतरताना वेग जास्त लागतो, पण हाताळता येतं. सातच्या मागे गेला तर इलेव्हेटर जरा हलवला तरी विमान उडी मारतं, आणि नवख्याच्या हातून ते परत येत नाही. बॅटरी वेल्क्रोवर नुसती चिकटवून न ठेवता पट्ट्यानेही आवळा; उडताना ती मागे घसरली तर जमिनीवर साधलेला तोल गेलाच.

उडवण्यापूर्वीच्या तपासणीत आळस नको. आधी रेडिओ चालू, मग विमानाची बॅटरी; बंद करताना उलट. विमानाच्या मागे उभं राहून पाहा: रेडिओची कांडी उजवीकडे नेली की रडर उजवीकडे, कांडी आपल्याकडे ओढली की इलेव्हेटर वर. एक सर्व्हो उलटा लागला असेल तर तो इथेच कळतो, हवेत कळून उपयोग नसतो. इलेव्हेटरची हालचाल सुरुवातीला वर-खाली १२ मिलिमीटरच्या पुढे नको. प्रोपेलर काढून, मोटर फिरती ठेवून रेडिओ बंद करा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करणारी सोय) बसवलेला नाही, त्या दिवशी विमान उडवू नका. फोमचा पंख मोडला तर गोंदाने जोडता येतो; फिरत्या प्रोपेलरमध्ये गेलेलं बोट तसं जोडता येत नाही, म्हणून बॅटरी लावल्यापासून प्रोपेलरच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

हवेत गेल्यावर सगळ्यांची तारांबळ उडते ती विमान आपल्याकडे येताना, कारण डावं-उजवं उलटं होतं. त्यावर उपाय सोपा आहे: जो पंख खाली झुकलाय त्याच्याच बाजूला कांडी न्या, विमान सरळ होतं. दुसरी घातकी जागा म्हणजे वाऱ्याबरोबर उडताना घेतलेलं वळण. वारा पाठीशी असला की विमान जमिनीवरून पाहणाऱ्याला फार वेगात दिसतं. माणूस घाबरून थ्रॉटल कमी करतो. पंखाला मात्र जमिनीशी देणंघेणं नाही, त्याला समोरून येणारी हवा लागते, आणि ती तेवढ्यात अपुरी पडते. त्यात वळणासाठी इलेव्हेटर ओढला की एक पंख पडतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. रेडिओ बिघडला, सिग्नल तुटला अशी कारणं लोक सांगतात, पण बहुतेकदा झालेलं असतं हे. वळण्यापूर्वी थ्रॉटल थोडा वाढवा, वळण मोठं घ्या, आणि ३० मीटरच्या खाली शिकाऊ माणसाने वाऱ्याबरोबर वळूच नये.

वेळ सकाळची, सूर्य उगवल्यापासून साधारण नऊपर्यंत. वारा ताशी १० किलोमीटरच्या आत हवा. काठीला बांधलेली रिबन सारखी आडवी फडफडत असेल तर घरी परत. एप्रिल-मे महिन्यात दहानंतर माळावर वावटळी उठतात, त्यात किलोभर वजनाचं विमान टिकत नाही. शिवाय गरम हवा विरळ असते. जानेवारीतल्या १५ अंशांच्या सकाळच्या मानाने मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी हवा सुमारे ९ टक्के विरळ होते. तितकीच प्रोपेलरची ओढ कमी, आणि उतरायला वेग जास्त लागतो. हिवाळ्यात नीट उडणारं विमान उन्हाळ्यात जड का वाटतं, ते यामुळे. मोटर बदलायची गरज नसते, वेळ बदलायची असते.

लिपो बॅटरीबद्दल दोन शब्द, कारण घराला आग लागते ती हिच्यामुळे. २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरच्या वर चार्ज करू नये, बॅलन्स चार्जरशिवाय (प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या चार्जरशिवाय) तर नाहीच. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, ठेवणीतला ३.८, पूर्ण भरून आठवडाभर ठेवली की फुगू शकते. फुगलेली बॅटरी वापरू नये, टोचूनही पाहू नये. चार्जिंग गच्चीच्या फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत, शेजारी वाळूची बादली, आणि माणूस जागेवर. भर उन्हात उभ्या गाडीत ती कधीही ठेवू नका. सरासरी १० अँपिअर ओढ धरली तर पूर्ण बॅटरी १३ मिनिटं चालेल, पण रेडिओवरचा गजर सात मिनिटांना लावा. शिकाऊ माणसाला उतरायला दोन-तीन प्रयत्न लागतात आणि त्यांच्यासाठी शक्ती शिल्लक हवी.

आता मागणी. महापालिका, जिल्हा परिषद किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेने विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या बाहेर एक मैदान रविवारी सकाळी तीन तासांसाठी खुलं करावं. डांबर नको, इमारत नको. ६० मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशी दगड वेचून रोलर फिरवलेली पट्टी पुरे. ती पूर्व-पश्चिम असावी, कारण पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा आणि हिवाळी सकाळी पूर्वेकडचा असतो. पट्टीच्या चारही बाजूंना दीडशे मीटरपर्यंत विजेच्या तारा, रस्ता आणि वस्ती नको. पाहणाऱ्यांना उडवणाऱ्याच्या मागे दोरी लावून उभं करावं. वाळूच्या दोन बादल्या आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. एका वेळी हवेत दोनच विमानं. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांची मॉडेल बनवणं हा शिक्षणाचाच भाग आहे, तेव्हा शाळा-महाविद्यालयांना हे परकं वाटू नये. अशी जागा कुणाकडे असेल तर पट्टी आखून देणं, दगड वेचणं आणि मुलांना पहिले ग्लायडर करायला शिकवणं ही कामं आम्ही विनामूल्य करू.

आपले,
मॉडेल विमानांचा छंद असलेले काही वाचक,
जुळे सोलापूर