दादा, तो टॅब बंद केल्याबद्दल

दादा,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही 'चहा पाज' म्हणून विषय संपवला असता. म्हणून लिहितोय.

दोन आठवडे आमचं बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याचं काम, लहर आली की पडत होतं. लॉगमध्ये दर वेळी तीच ओळ: 'इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: 17', म्हणजे जावाची 17 वी आवृत्ती हवी, पण हाताशी जुनी आहे. बिल्ड आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्सच्या टूल्समध्ये मात्र 'जेडीके-17', म्हणजे जावा 17 चं किट, ठळक दिसायचं. ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं. वर्कस्पेस पूस. पुन्हा चालव. पुन्हा चालवलं की बिल्ड कधीतरी दुसऱ्या एजंटवर, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या दुसऱ्या मशीनवर, जायचं, हिरवं व्हायचं आणि लगेच तिकीट बंद! एका महाशयांनी तर 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय' असं लिहून वर हसरा चेहरा टाकला. मग रिलीजही तुमच्याच लॅपटॉपवरून करू या का, हे अगदी ओठांवर आलं होतं.

तुमची टीम वेगळी, त्या सर्व्हरशी तुमचा संबंधही नाही. तरी गुरुवारी रात्री साडेनऊला तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलात. पाइपलाइनच्या सुरुवातीला फक्त 'एमव्हीएन -व्ही' घालायला लावलंत, म्हणजे मॅव्हन हे बिल्ड टूल कोणता जावा वापरतंय ते दाखवणारी कमांड. चारपैकी तिसऱ्या एजंटवर मॅव्हनने उत्तर दिलं: जावा 11. त्या एजंटच्या टूल लोकेशन्समध्ये 'जेडीके-17' या नावापुढे 11 च्या फोल्डरचा पत्ता होता. आमच्या घरी बोर्नव्हिटाच्या डब्यात हळद असते, तसलाच प्रकार. जुन्या सर्व्हिसेसना 11 पुरत होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. आम्ही पॉममध्ये, म्हणजे मॅव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 17 केलं आणि डबा उघडला.

पत्ता बदलायला मिनिटही लागलं नाही. पण मला त्याआधीचं आठवतं. बदल कधीचा आहे ते बघायला तुम्ही कॉन्फिगचा इतिहास उघडलात. आठ महिन्यांपूर्वीची नोंद, आणि पुढे माझं नाव. त्या मशीनवर 17 बसवायचं राहिलं होतं, तेव्हा 'तात्पुरतं' म्हणून मीच तो पत्ता टाकला होता आणि साफ विसरलो होतो. माझे कान तापले. तुम्ही क्षणभर स्क्रीनकडे पाहिलंत, टॅब बंद केलात आणि म्हणालात, "राहून जातं असं. चल, बिल्ड लाव."

बस, एवढंच. तिकिटात कारण लिहिलंत: 'टूलचं नाव आणि पत्ता जुळत नव्हता.' कुणाचं नाव नाही. आमच्याकडे बिल्ड पडलं की आधी 'कोणी हात लावला?' विचारतात, मग लॉग उघडतात. चुकलेल्या माणसाला उघडं न पाडता चूक दुरुस्त करणारी माणसं मी नोकरीत फार पाहिली नाहीत. हुशार पुष्कळ भेटतात हो.

काल स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, मी स्वतःच सांगून टाकलं, तो पत्ता माझा होता म्हणून. लॅपटॉपवाले महाशय काही बोलले नाहीत.

चहा कधी घेताय?




तुमचा,
तिसऱ्या एजंटवाला