पूर्वग्रहांची ओळख करून देणाऱ्या प्रशिक्षक ताईंना आभारपत्र

आदरणीय ताईंस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बीटमधील, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडे असलेल्या गटातील, अंगणवाडी सेविकांसाठी आपण घेतलेल्या प्रशिक्षणाला आता वर्ष होत आले. आभार मानायला इतका उशीर झाला, कारण शिकलेले माझ्या अंगणवाडीत टिकते का, हे मला आधी पाहायचे होते.

पहिल्या दिवशी ‘पूर्वग्रह’ हा विषय ऐकून, आम्ही सगळ्या मुलांना एकाच पातेल्यातली खिचडी वाढतो, मग भेदभाव कुठला, असे मी ठामपणे म्हणाले होते. आपण वाद घातला नाहीत. एका सेविकेने दुसरीच्या वर्गात तासभर बसावे आणि ताईने कोणाचे नाव किती वेळा व कशासाठी घेतले, याच्या खुणा हजेरीपटाच्या प्रतीवर कराव्यात, एवढेच काम आपण दिलेत. माझ्या कागदावर पाड्यावरून येणाऱ्या चार वारली मुलांच्या नावांपुढे एकही खूण नव्हती, आणि सतरंजी झाडायला मी दोन्ही वेळा मुलींनाच उठवले होते. तो कागद सर्वांसमोर न वाचता आपण माझ्या हातात दिलात, याबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे. चारचौघींत लाज वाटली असती, तर मी बहुधा सबबीच शोधत बसले असते.

त्या चौघांपैकी एक मुलगी चित्रातल्या प्राण्याचे नाव घरच्या बोलीत सांगायची आणि मी ‘चूक’ म्हणून तिला मराठी शब्द म्हणायला लावायची. आपल्या सांगण्यावरून मी आधी तिचा शब्द तिच्याकडून शिकून घेऊ लागले आणि मग दोन्ही शब्द सगळ्या मुलांना म्हणायला लावले. दिवाळीनंतर ती आपणहून गोष्ट सांगू लागली.

डब्यातले सुकट पाहून एखादे मूल ‘छी’ म्हणाले तर ताईने त्या क्षणी काय बोलावे, यावर आपण अर्धा दिवस दिलात. तेव्हा मला तो वेळ जास्त वाटला होता. आज तोच सर्वांत उपयोगी पडतो. ‘छी’ म्हणणाऱ्याला रागावले तर तो गप्प बसतो, पण त्याची किळस जात नाही, आणि आपण काहीच बोललो नाही तर डबा उघडलेले मूल तो झाकून ठेवते, हे आपण आम्हालाच मुलांच्या भूमिका करायला लावून दाखवलेत. आता मी त्या डब्याजवळ जाऊन बसते, सुकट कसे वाळवतात ते मुलालाच विचारते, आणि नाक मुरडणाऱ्यालाही त्याच्या घरच्या पदार्थाविषयी बोलते करते.

१९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघांसह त्यांनी तिथे काम उभे केले आणि बालवाडीपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या वस्तीतल्या अंगणातच शिक्षण नेले, हे आम्ही डहाणू तालुक्यातल्या सेविका अभिमानाने सांगत असतो. त्याच तालुक्यात, अंगणात येऊन बसलेल्या मुलाचे नावही माझ्या तोंडी येत नव्हते, हे आपल्यामुळे मला कळले.

आता आम्ही पाचजणी दर महिन्याला एकमेकींच्या वर्गात बसून तसाच कागद भरतो. एक विनंती आहे. पुढील प्रशिक्षणात मदतनीस ताईंनाही अवश्य बोलवावे. मुलांची ताटली त्यांच्या हातून येते आणि कोणाला कुठे बसवायचे हेही पुष्कळदा त्याच ठरवतात.

आपली कृतज्ञ,
एक अंगणवाडी सेविका, डहाणू तालुका