पाझर नेमका कुठून?

अंबाजोगाई
रविवार, दुपार

प्रिय दत्ता,

डेंग्यूतून उठलेल्या काकूंनी ज्वारीची भाकरी मागून खाल्ली म्हणालास आणि जीव भांड्यात पडला. त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर तू विचारलंस, "ताप उतरला, कुठं रक्तही गेलं नाही, मग सलाईन कशाला लावतेत? आन् रक्त घट्ट झालं म्हंजी काय?" मी नुसतं "होईल नीट" म्हणालो. आज सवड आहे.

लेका, तुझं आयुष्य कालव्यावर गेलं. तुला हे माझ्या पोरांपेक्षा लवकर कळेल. आपल्या केशवाहिन्या म्हणजे रक्ताच्या सगळ्यात बारीक नळ्या, ५ ते १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद, भिंत एकाच पेशीच्या थराची. माठासारखी ती पाझरायलाच केलेली. पाणी, साखर बाहेर जाते. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं बहुतेक आत राहतात आणि पाणी धरून ठेवतात. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास ही भिंत सैल पडते. पाणी आणि प्रथिनं छाती-पोटात उतरतात, लाल पेशी मात्र नळीतच. रक्त घट्ट होतं ते असं. एक-दोन दिवसांत पाझर थांबतो, बाहेरचं पाणी परत आत येतं, तेव्हा सलाईन चालूच ठेवलं तर उलट फुफ्फुसावर ताण. डॉक्टरांनी बाटली काढली आणि तू त्यांच्या अंगावर गेलास, त्यात चूक तुझी.

पण मला खरी गोडी पुढच्या गोष्टीची. भिंत नेमकी कुठं गळते हे कळलं कसं? पाणी तर दिसत नाही. मग रक्तात असे कण सोडायचे, जे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळे दिसतील. १९६१ साली माज्नो आणि पालाडे या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या रक्तात कार्बन आणि पाऱ्याच्या संयुगाचे बारीक कण सोडले आणि कातडीखाली हिस्टामिन टोचलं. गांधील माशी चावल्यावर सूज आणतं ना, तेच. सगळ्यांना वाटायचं केशवाहिन्या गळत असतील. निघालं भलतंच: गळती त्यांच्या पुढच्या बारीक शिरांत. तिथं दोन पेशींच्या मधे फट पडली होती आणि कण फटीतून निघून मागच्या अस्तराला अडकले होते. गाळ बघून भगदाड ओळखावं तसं!

पुढं कार्नोव्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं कणाऐवजी एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन वापरलं, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज. इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिश ट्री म्हणतात, म्हणून मी वर्षभर हे शेवग्याच्या मुळाचं समजत होतो. परीक्षेत सांगूनही आलो! ते मोहरीच्या कुळातल्या एका तिखट मुळाचं. रसायन घातलं की जिथं ते असेल तिथं काळा डाग पडतो. १९६७ साली रीझ आणि कार्नोव्स्की यांना दिसलं, की उंदराच्या मेंदूत हे एन्झाइम पेशींच्या घट्ट सांध्याशी अडतं. रक्तातलं काहीही सहज मेंदूत शिरू न देणारा बांध कुठं आहे ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

आता गंमत ऐक. त्याच वर्षी कोट्रान आणि कार्नोव्स्की यांनीच लिहिलं, की रॅट म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरात हे एन्झाइम स्वतःच गळती घडवतं. ते अंगातलं हिस्टामिन मोकळं करतं. पाझर शोधायला सोडलेलाच पाझर फोडतो! मला तुझा तो बांध आठवला. ओल कुठून येते बघायला तू पायथ्याशी कुदळ घातलीस आणि सकाळपर्यंत शेजाऱ्याचा कापूस पाण्यात. तू बरेच दिवस "पाणी आधीपासूनच येत होतं" म्हणत होतास. खरं-खोटं तपासायला न उकरलेला दुसरा बांध पाहिजे होता. प्रयोगातही ज्यांना एन्झाइम दिलं नाही असे उंदीर बाजूला ठेवावे लागतात, ते त्यासाठीच.

काकूंना पंधरा दिवस शेतात जाऊ देऊ नकोस. आणि अंगणातल्या रांजणाचं पाणी आठवड्याला ओत बाबा, डास तिथंच होतात. दिवाळीला ये, स्लाइड दाखवतो. येताना शेवग्याच्या शेंगा आण.

तुझा,
सुधाकर